पदनाम काय लिहू?

मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाने विकिपीडियावर लिहिणाऱ्या स्थानिक लोकांचा सत्कार ठेवला होता. सत्कारमूर्ती आम्ही चौघं. आठवडाभर आधी संयोजकांचा फोन आला. बॅनर छापायला टाकायचा होता.

"ताई, तुमचं पदनाम काय लिहू?"

"फार्मासिस्ट. मेडिकलमध्ये असते मी."

"स्वतःचं दुकान?"

"नाही हो. नोकरी."

पलीकडे जरा विचार झाला. मग ते म्हणाले, "बरं, मग 'औषधनिर्माणशास्त्र क्षेत्र' असं टाकतो. भारदस्त वाटतं."

कार्यक्रमाच्या दिवशी बॅनर पाहिला. सगळ्यात वर, मोठ्या फोटोसह, एक निवृत्त प्राचार्य. त्यांनी मागच्या वर्षीच्या कार्यशाळेत खातं उघडून दोन शब्दांचं शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं. हे त्यांनीच मला हसत सांगितलं, बिचारे संकोचले होते. त्यांच्या खाली एक दंतवैद्य. मग 'औषधनिर्माणशास्त्र क्षेत्र'. आणि तळाला, चिमुकल्या अक्षरांत, एक गृहस्थ, ज्यांच्या नावापुढे फक्त 'ज्ञानप्रेमी' असं लिहिलं होतं. हे गृहस्थ डाकसेवक आहेत. सायकलवरून टपाल वाटतात. तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावावरचा मराठी लेख त्यांनी जनगणनेचे आकडे आणि जुनी गॅझेटियर्स धुंडाळून लिहिला किंवा दुरुस्त केलाय. आम्हा तिघांचं काम एकत्र केलं तरी त्यांच्या पासंगाला पुरणार नाही. 'डाकसेवक' हा शब्द बॅनरवर शोभणार नाही असं कुणाला तरी वाटलं, आणि ते 'ज्ञानप्रेमी' झाले.

तुम्ही म्हणाल, छोट्या गावातली छोटी गोष्ट. पण मला तेव्हापासून दिसायला लागलं की हा बॅनर फक्त आमच्या वाचनालयात नाही. विकिपीडियावर फुकट लिहिणाऱ्यांबद्दल जगभर जे काही लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक याच बॅनरवरचं असतं. आणि माझं म्हणणं असं आहे की हा बॅनर खोटा आहे आणि धोकादायकही आहे. तो उतरवायला हवा.

*

आधी बॅनरवरच्या जगप्रसिद्ध लोकांबद्दल बोलू. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, हे सुरुवातीलाच सांगते.

जेम्स हायलमन हे कॅनडातले डॉक्टर, आपत्कालीन विभागात काम करणारे. इंग्रजी विकिपीडियावरचे वैद्यकीय लेख सुधारण्यात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली. जेस वेड या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या भौतिकशास्त्रज्ञ. दिवसा प्रयोगशाळा, रात्री विकिपीडिया. दुर्लक्षित स्त्री-वैज्ञानिकांची दोन हजारांहून जास्त चरित्रं त्यांनी लिहिली, आणि २०१९ साली ब्रिटिश एम्पायर मेडलही मिळवलं. इजिप्तचे अला नज्जार हेही डॉक्टर. अरबी विकिपीडियावरच्या कामासाठी २०२१ सालचे 'विकिमीडियन ऑफ द इयर'.

आणि स्टीव्हन प्रुइट. इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक संपादनं करणाऱ्यांत यांचं नाव सतत अग्रभागी असतं, ही संपादनं लाखांत मोजावी लागतात. २०१७ साली 'टाइम'ने त्यांना इंटरनेटवरच्या सर्वांत प्रभावशाली पंचवीस जणांत घातलं. त्यांची नोकरी? अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यासाठी कंत्राटी पद्धतीने दप्तर सांभाळणं. फायली, नोंदी, कागदपत्रं. लिहिताना ते स्वतःचं नाव लावत नाहीत. एका इटालियन ऑपेरातल्या नोटरीचं नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतलंय.

आता या माणसांवरच्या बातम्या वाचून पाहा. डॉक्टरांबद्दल लिहिताना सूर असा असतो की 'एवढा मोठा माणूस, तरी फुकट लिहितो!' प्रुइट यांच्याबद्दलचा सूर वेगळा असतो. 'हा साधासुधा माणूस, आईवडिलांच्या घरी बसून एवढं करतो, कमाल आहे!' वरवर दोन्ही कौतुकच. पण पहिल्यात पदवीमुळे लेखाला वजन आलंय आणि दुसऱ्यात मोठं पद नसूनही माणसाने काहीतरी करून दाखवलं म्हणून नवल वाटतंय. लेख कसा आहे, कशाच्या आधारावर उभा आहे, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. लिहिणाऱ्याची नोकरी ही लेखाच्या खरेपणाची मोजपट्टी होऊन बसते.

*

ही मोजपट्टी वापरली की काय होतं, याचा धडा विकिपीडियाला २००७ सालीच मिळालाय.

'एस्जे' या नावाने एक संपादक तिथे लिहायचा. त्याच्या ओळखीच्या पानावर लिहिलेलं होतं की तो एका खाजगी विद्यापीठात धर्मशास्त्राचा कायमस्वरूपी प्राध्यापक आहे आणि त्याच्याकडे डॉक्टरेट आहे. लोक मान द्यायचे. वाद झाला की तो आपल्या प्राध्यापकपणाचा दाखला द्यायचा. जुलै २००६ मध्ये 'न्यू यॉर्कर'सारख्या मासलेवाईक तपासणीसाठी प्रसिद्ध असलेल्या साप्ताहिकाने विकिपीडियावर मोठा लेख छापला, त्यात या प्राध्यापकांचं वर्णन आलं. पुढच्या वर्षी साप्ताहिकाला दुरुस्ती छापावी लागली. प्राध्यापक चोवीस वर्षांचा तरुण होता. ना डॉक्टरेट, ना प्राध्यापकी.

यावर सगळे 'तो किती खोटारडा' एवढंच बोलले. खोटारडा होताच. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. त्याच्या खोट्या पदव्यांना गिऱ्हाईक कोण होतं? आपण. ज्या जागेचा मूळ नियमच असा आहे की 'तू कोण आहेस ते नको सांगूस, तुझ्या वाक्याला आधार काय ते दाखव', तिथेही लोकांना प्राध्यापकच हवा होता. त्याने गरज ओळखली आणि माल पुरवला. नंतर पदव्या तपासून घेण्याची पद्धत आणावी असा प्रस्ताव खुद्द संस्थापक जिमी वेल्स यांनी मांडला. समुदायाने तो स्वीकारला नाही. माझ्या मते शहाणपणाने स्वीकारला नाही. तपासलेली पदवी हीसुद्धा शेवटी 'माझ्यावर विश्वास ठेवा' असंच म्हणते.

पदनाम ही बनावट करायला सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. हे मला 'न्यू यॉर्कर' वाचून कळलं नाही, काउंटरमागे उभं राहून कळलं.

*

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे तापाचे पेशंट वाढतात. एका संध्याकाळी एक बाई आल्या. नवऱ्याला चार दिवस ताप, रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघालेला. त्यांना अंगदुखीची एक गोळी हवी होती, आयबुप्रोफेन असलेली. मी म्हटलं, मावशी, डेंग्यूत ही चालत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो, तापाला पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर होता. पपईच्या पानांचा रस, रोज इतका, इतके दिवस. प्लेटलेट्स आपोआप वाढतात, दवाखान्यात भरती व्हायची गरज नाही. अंग दुखलं तर ही गोळी. खाली एका डॉक्टरांचं नाव, नावापुढे एम.डी., त्यापुढे मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाचं नाव.

"हे मोठे डॉक्टर आहेत बाई," मावशी म्हणाल्या. त्यात 'तू काय दुकानातली' हे न बोलता आलंच.

ते डॉक्टर खरोखर असतील की नसतील, देव जाणे. असले तरी त्यांनी हे लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या दोन अक्षरांपुढे माझ्या डिप्लोमाची किंमत शून्य होती. मी गोळी दिली नाही. त्या चिडून निघून गेल्या. दुसरीकडून घेतली असेल का, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि कधीकधी झोप येत नाही तेव्हा हे आठवतं.

त्या रात्री मी मराठी विकिपीडिया उघडला. मला लिहायचं होतं की डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये. लिहिलं. फोनवरच, अंगठ्याने. सकाळी पाहिलं तर माझं वाक्य गायब. इतिहासाच्या पानावर कारण दिलं होतं: संदर्भ नाही.

माझं डोकं फिरलं. मी चर्चापानावर लिहिलं की मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, रोज ही औषधं हातात असतात, तुम्ही कोण मला शिकवणार? उत्तर दोन ओळींचं आलं. आपण कोण आहात याची शहानिशा वाचक करू शकत नाही. संदर्भ दिलात तर वाक्य राहील.

मी तासभर शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या डेंग्यूवरच्या माहितीत हेच, स्पष्ट शब्दांत, सापडलं. वाक्य परत टाकलं, पुढे संदर्भाचा छोटा आकडा लावला. या वेळी ते राहिलं.

शब्द तेच होते, पण वाक्य बदललं होतं. आधी ते माझ्या डिप्लोमावर उभं होतं. आता मी नोकरी सोडली, खोटारडी निघाले, मेले, तरी ते उभं राहील. वाचणाऱ्याला माझ्यावर विश्वास ठेवावाच लागणार नाही. आकड्यावर बोट ठेवायचं आणि स्वतः बघायचं.

पुढे पुण्यात एका कार्यशाळेत माझं वाक्य उडवणारा भेटला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. माझं वाक्य उडवलं तेव्हा बारावीत. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. तो बारावीतला आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी त्याचं ऐकलं असतं का? नसतं. आणि मी चूक ठरले असते.

*

आता इथे शहाणे लोक हात वर करतील. मग काय, तज्ज्ञाची किंमतच नाही? बारावीच्या पोराने प्राध्यापकाला गप्प करायचं?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला पुरावेही आहेत. २०१२ साली कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी स्वतःच्याच 'द ह्युमन स्टेन' या कादंबरीवरच्या लेखातली चूक सुधारायला सांगितली. पात्र कुणावरून सुचलं, हे लेखकापेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? पण त्यांना सांगण्यात आलं की आणखी कुठला तरी स्वतंत्र आधार लागेल. त्यांनी वैतागून 'न्यू यॉर्कर'मध्ये जाहीर पत्रच लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेतले इतिहासाचे प्राध्यापक टिमोथी मेसर-क्रूस यांनी आपला अनुभव मांडला. १८८६च्या शिकागोतल्या हेमार्केट प्रकरणावर त्यांनी वर्षानुवर्षं मूळ कागदपत्रं चाळली होती. तरी त्यांची दुरुस्ती परत परत उडवली गेली, कारण बाकीची बहुतेक पुस्तकं उलट सांगत होती.

या दोघांवर अन्याय झाला का? थोडा झाला. नियम आंधळेपणाने चालवले की असं होतं. पण दुसरा रस्ता कुठला, तेही बघा. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, त्याच लोकांनी 'न्युपीडिया' काढला होता. तिथे तज्ज्ञच लिहिणार, तज्ज्ञच तपासणार, तपासणीच्या सात पायऱ्या. २००३ साली तो बंद पडला तेव्हा पूर्ण झालेले लेख जेमतेम दोन डझन होते. पदव्या भरपूर, ज्ञानकोश नाही.

व्यवसायाचा विकिपीडियाला उपयोग होतो, आणि प्रचंड होतो. फक्त तो शिक्क्यासारखा होत नाही. तो होतो नजरेसारखा. कुठे बघायचं, काय नाहीये, कुठला संदर्भ भुसकट आहे आणि कुठला पक्का, हे कामातून कळतं. हायलमन आणि सहकाऱ्यांनी डेंग्यूवरचा इंग्रजी लेख इतका घासूनपुसून तयार केला की २०१४ साली तो 'ओपन मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या परीक्षणातून प्रसिद्ध झाला. हायलमन डॉक्टर होते म्हणून लेख मानला गेला नाही. डॉक्टर होते म्हणून त्यांना कुठली पुराव्यांची चाळण लावायची हे माहीत होतं, आणि ती चाळण लेखात दिसत होती.

जेस वेड यांचंही तसंच. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या बाईला दिसतं की बाजूच्या टेबलावर काम करणारी कोण इतिहासातून गळणार आहे. क्लॅरिस फेल्प्स या अमेरिकेतल्या अणुरसायनशास्त्रज्ञ. ११७व्या मूलद्रव्याच्या शोधासाठी लागणारं बर्केलियम शुद्ध करणाऱ्या चमूत त्या होत्या. वेड यांनी त्यांच्यावर लेख लिहिला, २०१९ साली तो वगळला गेला, पुढच्या वर्षी आणखी आधार आल्यावर परतला. डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे पदनामाचा रोग विकिपीडियालाही आहे, हे मान्य करायला हवं. कोणावर लेख असावा हे ठरवताना तो वर्तमानपत्रांकडे आणि पुस्तकांकडे बघतो. ती बघतात बॅनरकडे. म्हणून आमच्या डाकसेवकांनी लिहिलेल्या शेकडो लेखांत त्यांच्यावरचा लेख कधीच असणार नाही, आणि त्यांना तो नकोही आहे. पण हा रोग बरा करायचा उपाय पुन्हा तोच आहे: आधार शोधणं, आधार तयार करणं, आणि त्यावर भांडणं. 'मला माहीत आहे ना' म्हणून हा प्रश्न कोणाचाच सुटलेला नाही.

*

आतापर्यंत बोलले ते खोटेपणाबद्दल. बॅनर धोकादायक का, ते आता सांगते.

'हे लिहिणारे आहेत तरी कोण?' हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला जातो. एक, सत्काराच्या आधी. दुसरं, गुन्हा दाखल करताना. प्रश्न एकच, फक्त विचारणारा बदलतो.

हायलमन यांचीच गोष्ट घ्या. २००९ साली त्यांनी रोर्शाख चाचणीची शाईच्या डागांची दहाही चित्रं लेखात टाकली. चित्रं १९२१ सालची, स्वामित्वहक्क संपलेली. काही मानसशास्त्रज्ञ भडकले, चाचणी निकामी होईल म्हणाले. त्यांचा मुद्दा चर्चेचा होता. पण तक्रार गेली कुठे? हायलमन यांच्या वैद्यकीय नोंदणीच्या परिषदेकडे. लेखातल्या वादासाठी माणसाच्या नोकरीचा गळा धरायचा. त्यांचं पदनाम सगळ्यांना माहीत होतं, म्हणून गळा सापडला.

सीरियातला बासेल खरताबील हा संगणक-तंत्रज्ञ. मुक्त ज्ञानाच्या चळवळीत होता, विकिपीडियावरही लिहायचा. मार्च २०१२ मध्ये दमास्कसमध्ये त्याला अटक झाली. २०१५ साली त्याला ठार मारण्यात आलं, हे घरच्यांना दोन वर्षांनी कळलं.

आपल्याकडे एवढं टोक गाठलेलं नाही. पण दिशा बघा. २०२४ साली एएनआय या वृत्तसंस्थेने तिच्यावरच्या लेखावरून दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला आणि लेख संपादित करणाऱ्यांची ओळख मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी मजकूर काढायची नोटीस दिली आणि संपादकांवर गुन्हा नोंदवला.

लोकांच्या भावना दुखावल्या होत्या हे मी नाकारत नाही. माझ्या दुकानातही आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण मी तेव्हा प्रत्येकाला एकच विचारलं. ते वाक्य तुम्हाला खोटं वाटतं ना? मग त्याला कुठल्या पुस्तकाचा आधार दिलाय, तो कसा कच्चा आहे, त्याहून पक्का आधार कुठला, हे कुणी तपासलं का? ज्या भूमीत मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी माणसांनी आयुष्यं वेचली, गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, तिथे हे काम करणारे शेकड्याने मिळायला हवे होते. आम्हाला मात्र लिहिणाऱ्याचं नाव-गाव हवं होतं. वाक्याचा माग सोडून आम्ही माणसाच्या मागे लागलो.

सत्काराला पदनाम मागणं आणि पोलिसांनी पत्ता मागणं यांत अंतर खूप आहे, मला कळतं. पण दोन्हीमागची सवय एकच आहे. मजकुराचा निकाल मजकुरावर न लावता माणसावर लावायचा. ही सवय मोडली नाही, तर डाकसेवक, फार्मासिस्ट आणि बी.कॉम.चं पोर लिहिणार नाहीत. ज्यांना वकील परवडतो तेच लिहितील.

*

ही सवय आपल्या हाडात मुरलीय, आणि तिचं कारणही सन्मान्य आहे. मराठीतले कोश मोठ्या माणसांनी केले. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले, कंपनी काढून, भाग विकून त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्धीस नेले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. तिथे नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि ते बरोबरच आहे. तो वेगळ्या पद्धतीचा कोश आहे, नाव हीच तिथली हमी. मीही अडलं की तिथे जाते. त्या परंपरेने आपल्याला खूप दिलं, पण नकळत एक समजही दिला की कोश करणं हे मोठ्या लोकांचं काम आणि आपलं काम ते कपाटात ठेवून नमस्कार करण्याचं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. आज त्यावर लाखाच्या घरात लेख आहेत, पण त्यांतले कितीतरी दोन ओळींचे, आणि नियमित लिहिणारे मोजकेच. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर. त्यांत डॉक्टर किती, वकील किती, अभियंते किती, शिक्षक किती!

आणि हीच मंडळी आम्हाला ऐकवतात, "विकिपीडियावर काय, कोणीही काहीही लिहितं." हो, कोणीही लिहितं. तुम्ही का नाही लिहीत? खरं सांगू का, मला वाटतं त्यांना वेळेची अडचण नसते. अडचण ही असते की तिथे गेल्यावर खुर्ची मिळत नाही. एखादा बारावीतला मुलगा 'संदर्भ?' असं विचारतो आणि त्याला 'मी कोण आहे माहीत आहे का' असं म्हणता येत नाही. तीस वर्षांची प्रॅक्टिस दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावी लागते. मला स्वतःला माझा साधा डिप्लोमा काढून ठेवताना एवढा राग आला होता, तर त्यांना किती येत असेल.

पण डॉक्टरसाहेब, तुमच्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसची तिथे सगळ्यात जास्त गरज आहे. फक्त ती नजर म्हणून घेऊन या, शिक्का म्हणून नको. क्षयरोगाच्या गोळ्या मधेच सोडल्या तर काय होतं, साप चावल्यावर काय करू नये, हे मराठीत पक्क्या संदर्भासह असणं किती लोकांच्या जिवाशी संबंधित आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही लिहिलं नाहीत तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथे तो 'एम.डी., मुंबई'वाला फॉरवर्ड येऊन बसतो.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. पुढच्या वेळी विकिपीडियाचं पान उघडाल तेव्हा हे कोणी लिहिलं याचा शोध घेऊ नका. वाक्यापुढच्या आकड्यावर बोट ठेवा. आकडा नसेल तर वाक्यावर विश्वास ठेवू नका. आकडा असेल आणि खाली भलतंच निघालं तर वर 'संपादन' असं लिहिलेलं आहे, ते दाबा. तुम्ही काय करता, कुठल्या कॉलेजात आहात, मार्क किती पडले, कोणी विचारणार नाही. अशी जागा आपल्या समाजात दुसरी कुठली आहे, सांगा बरं.

यंदा त्याच वाचनालयाचा पुन्हा फोन आला. तोच प्रश्न. मी म्हटलं, सगळ्यांची फक्त नावं लिहा, तीही अकारविल्हे. संयोजक म्हणाले, "तसं बरं दिसत नाही हो ताई." मग मी म्हटलं, माझ्या नावाखाली 'फार्मासिस्ट' लिहा आणि त्या काकांच्या नावाखाली 'डाकसेवक', त्याच आकाराच्या अक्षरांत. ते विचार करून सांगतो म्हणाले.

अजून त्यांचा फोन आलेला नाही. काका मात्र काल दुकानात आले होते, खोकल्याचं औषध न्यायला. जाताना म्हणाले, शेजारच्या गावावरच्या लेखात लोकसंख्या चुकलीय, घरी गेलो की बघतो.